गाडी बघायला आलेली जनावरं

चहा अजून अर्धा अर्धा कप टाका, कारण हे सांगायला वेळ लागणार आणि मधेच कुणी उठून गेलं तर गंमत कळायची नाही. हिमाचलातल्या स्पितीच्या डोंगरात, एका अख्ख्या गावासमोर माझी जी फजिती झाली, ती मी आजवर फक्त नातेवाइकांना सांगितली आहे. म्हणजे अर्ध्या इंदापूर तालुक्याला. उरलेल्या अर्ध्यात तुम्ही.

मी लासुर्ण्याचा. ऊस आहे, पण घर चालतं ते गोठ्यावर. आणि ज्याच्या दारात दुभत्या गाई, त्याला सुट्टी कसली? सकाळी धार, संध्याकाळी धार. पाहुण्याच्या लग्नाला गेलो तरी पंगत उठायच्या आत आम्ही नवरा-बायको मोटारसायकलवर बसून परत. सुनंदा, म्हणजे माझी बायको, बाळंतपणं सोडली तर गोठ्यापासून लांब कधी राहिलीच नव्हती.

बारामतीत माझा शाळेतला मित्र रफिक. त्याचं उसाच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. मोबाईलवर मी बघत होतो, परदेशातली माणसं घरच्या घर गाडीत घालून डोंगराडोंगरांनी हिंडतात. आत चूल, आत बाज, आत मोरी. मला खूळच लागलं. रफिकला दाखवलं तर तो शांतपणे म्हणाला, ट्रॉलीला छप्पर टाकलं की झालं की.

भंगारवाल्याकडं एक जुनी व्हॅन मिळाली. चांगली ऐसपैस, आत उभं राहता येईल अशी. आधी कुठल्याशा संस्थेकडं होती, पत्र्यावर त्यांचं काहीबाही रंगवलेलं होतं. रफिक म्हणाला, आधी पत्रा घासू, खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरू, मग रंग देऊ. मला कुठला धीर निघतोय. म्हटलं, वरनं मार रंग, कोण खरवडून बघणार हाय? त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि क्रीम रंगाचा डबा उघडला.

पण गाडी अशी झाली म्हणून सांगू. घडीचा पलंग, त्याखाली सामानाच्या पेट्या, गॅसची शेगडी, स्टीलचं सिंक, छोटा फ्रीज, टपावर पाण्याची टाकी, खिडक्यांना सुनंदानं शिवलेले फुलाफुलांचे पडदे. आम्ही तिचं नाव ठेवलं घरगाडी. आठवडाभर माणसं बघायला येत होती. निरवांगीहून माझी बहीण आली, लोणी भापकरहून रफिकचे सासरे आले. मी दारात उभा राहून चपला बाहेर काढायला लावायचो, एकेकाला आत घ्यायचो, नळ सोडून दाखवायचो, पेट्या उघडून दाखवायचो. पाण्याचा नळ तर त्यांच्याही घरी होता, पण गाडीत नळ म्हटल्यावर माणसं हात धुऊन बघायची.

मला त्या आठवड्यात एक वाईट सवय लागली. कुणी गाडीकडं नुसती मान वळवली तरी वाटायचं, याला आतून दाखवावी.

गोठा धाकट्या भावावर आणि भावजयीवर सोपवला आणि निघालो. मी, सुनंदा आणि गाडी चालवायला रफिक. सुनंदाची एकच अट होती. "येते, पण तितं गेल्यावर शेण, दूध, धार ह्यातला एक शब्द माझ्या कानावर पडता कामा न्हाय." मी कबूल केलं.

हिमाचलात शिरलो आणि रस्ता वर वर चढायला लागला. मग झाडं संपली. डोंगर बघावेत तर नांगरून तापत ठेवलेल्या रानासारखे, उघडे, कुठं तांबडे, कुठं राखाडी, आणि त्यांच्याही वर बर्फ. खाली नदी. तासन्‌तास चाललं तरी एक माणूस दिसायचा नाही. आणि अशा ठिकाणी आमची एमएच बेचाळीस नंबरची गाडी घुरघुरत चाललेली. माझी छाती अशी फुगली होती की त्या विरळ हवेचं मला काही वाटलंच नाही. सुनंदा खिडकीला नाक लावून बसली होती. मला वाटलं, निसर्ग बघून भारावली. तर ती म्हणाली, "हितली माणसं जनावरांना चारा कुठनं आणत असतील?" मी तिला तिच्या अटीची आठवण करून दिली.

रस्ता कसला, नुसते दगड. त्यातून ओढे आडवे यायचे, बर्फाचं पाणी घेऊन. दगड-गोटे पत्र्यावर ताडताड उडायचे. एका मोठ्या ओढ्यातून गाडी काढली आणि पलीकडं निघालो तो मागचं चाक बसलं. स्टेपनी आधीच गेलेली. तसंच हळूहळू ढकलत जवळच्या गावाशी आलो. गाव म्हणजे मोजकी पांढरी मातीची घरं, वाटाण्याची हिरवी वावरं आणि वर डोंगर. गावाबाहेर सपाट जागा होती तिथं गाडी लावली. चालकाची बाजू गावाकडं, दाराची बाजू नदीकडं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण माझ्या ते ध्यानात आलं नाही.

सकाळी रफिक चाक घेऊन एका पिकअपमधून पुढच्या मोठ्या गावाला गेला. मी नदीकडं तोंड करून खुर्ची टाकली आणि चहा घेत बसलो. थोड्या वेळानं गाडीच्या पलीकडून माणसांची कुजबुज यायला लागली. चाकांमधून बघितलं तर बरेच पाय. माझ्या मनानं लगेच घेतलं. म्हटलं, सुनंदा, बघ, लोक गाडी बघायला आलेत.

एवढ्यात लोकरीची टोपी घातलेले एक आजोबा गाडीला वळसा घालून माझ्याकडं आले. गावातले जाणते असावेत. हात जोडून त्यांनी हिंदीत विचारलं, "देखेंगे साहब?"

आता मला सांगा, यात दुसरा काही अर्थ निघतो? माझ्या कानाला तरी निघाला नाही. मला वाटलं, ते विचारतायत, गाडी बघू का. मी म्हटलं, "देखो ना. देखने के लिए ही तो इतना दूर लाया."

आजोबांचा चेहरा उजळला. पैसे किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पैसा? फुकट है आजोबा, फुकट." फुकट त्यांना कळलं नाही तसं मुफ्त म्हटलं. सगळ्यांचं? सगळ्यांचं. "सारे गाँव को बुलाओ," मी म्हटलं. आजोबांनी माझे दोन्ही हात धरले. मला जरा जास्तच वाटलं ते, पण गाडीच तशी होती. जाता जाता ते वळले आणि त्यांनी विचारलं, "अंदर लाएँ, या आप बाहर देखेंगे?"

आता इथं तरी माणसानं थांबावं की नाही? पण मी कसला थांबतोय. म्हातारी माणसं असतील, धरून आणावं लागत असेल, असं मी मनात जुळवून टाकलं आणि म्हणालो, "अंदर लाओ. एक एक करके. चप्पल बाहर."

चप्पल ऐकून आजोबा जरा बुचकळ्यात पडले, पण मान हलवून गेले.

मी धुतलेला शर्ट घातला. सुनंदाला पलंगावर नवी चादर घालायला लावली, उदबत्ती लावली. ती म्हणत होती की एवढ्या लांबच्या माणसांना आपल्या गाडीचं काय कौतुक असणार. मी म्हटलं, तुला आपल्याच वस्तूची किंमत नाही.

दारात आलो तर गाव खरंच लोटलं होतं. पण येताना प्रत्येकानं काहीतरी धरून आणलेलं. कुणाच्या हातात गाढवाची दोरी, कुणाबरोबर दोन मेंढ्या, एक बाई म्हातारं कुत्रं पोटाशी धरून, आणि मागं काळं, केसाळ, शिंगं वर वळलेलं अख्खं याक. मला वाटलं, चरायला सोडायला निघालेत, वाटेत थांबलेत. साधी माणसं, जनावराला एकटं सोडत नाहीत. आपल्याकडंही जुनी माणसं अशीच होती.

पहिला गडी बकरी काखेत घेऊन पायरीवर चढला. मी हसत विचारलं, बकरी पण बघणार का? तो म्हणाला, "बकरी को ही तो दिखाना है."

मी मनात म्हटलं, काय प्रेम हाय. आणि दाखवली. खरं सांगतो, मी त्या बकरीला फ्रीज दाखवला. सिंकचा नळ सोडून दाखवला. तो माणूस अवघडून उभा. शेवटी म्हणाला, "साहब, पेट देखिए."

मी म्हटलं, व्वा, याला सगळी माहिती आहे. पलंग उचलला, पेटी उघडून दाखवली. त्यात बाजरी, गूळ आणि सुनंदाच्या चटण्या. तो पेटीकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. तेवढ्यात बकरीनं फुलाफुलांचा पडदा धरला आणि चघळायला सुरुवात केली. पोट बिघडलेली बकरी, पण पडद्याला तिची ना नव्हती.

सुनंदा इतका वेळ कोपऱ्यात उभी राहून बघत होती. ती खाली उतरली आणि गाडीला वळसा घालून पलीकडं गेली. परत आली तेव्हा पदर तोंडाला लावलेला होता. खांदे हलत होते.

"अहो," ती म्हणाली, "जरा गाडीच्या त्या अंगाला जाऊन या."

गेलो. बघतो तर क्रीम रंगाचे पोपडेच्या पोपडे उडालेले. दगडांनी, ओढ्यांनी सगळा रंग सोलून काढलेला. आणि खालून निघाली होती एक निळी गाय, चांगली मोठी, माझ्याकडं प्रेमानं बघणारी. तिच्याखाली ठळक अक्षरं. सगळी नव्हती उघडी पडली, पण पाहिजेत तेवढी पडली होती. "फिरता पशु", मग थोडा क्रीम रंग, आणि मग "दवाखाना".

मराठी आणि हिंदीची लिपी एक आहे याचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

मी परत दाराकडं आलो तर सगळं गाव रांग करून उभं. याकसुद्धा रांगेत. आजोबा पुढं. मी हात जोडले आणि सांगायला लागलो की हम डॉक्टर नहीं. हम ऊसवाला. ऊस म्हणजे काय हे त्या डोंगरात कुणाला ठाऊक? त्यांना वाटलं, ऊस हा कुठला तरी मोठा हुद्दा असावा. दोघातिघांनी माना लववल्या.

आता पळून जावं तर गाडीला चाक नाही.

तेवढ्यात खालच्या घराकडून एक म्हातारी धापा टाकत आली. तिचं नाव डोलमा, ते नंतर कळलं. रांगेबिंगेत ती थांबली नाही, सरळ येऊन तिनं माझी बाही धरली. तिचं बोलणं मला काही कळेना. आजोबांनी सांगितलं की तिची गाय पहाटेपासून अडली आहे. डॉक्टर पुढच्या मोठ्या गावात असतो, त्याला बोलवायला माणूस धाडला तर तो दुसरीकडंच गेलेला. म्हातारीच्या घरात दूध देणारं जनावर हे एवढं एकच. तिनं सकाळी गाडीवरची गाय बघितली आणि तिला वाटलं, देवानंच धाडली.

मी सुनंदाकडं बघितलं. ती पदर खोचत होती.

"साबण घ्या," ती म्हणाली. "आणि गोडं तेल."

गोठा म्हणजे घराखालची दगडी बुटकी खोली. आत अंधार. मी मोबाईलची बॅटरी धरली. गाय काळी, केसाळ, आपल्या गाईच्या निम्मी. थकून आडवी झालेली. मागं एकच खूर बाहेर दिसत होता आणि नाकाचं टोक. दुसरा पाय आत दुमडलेला. अशी अडलेली गाय मीही बघितली आहे आणि हातही घातला आहे, खोटं कशाला बोलू. पण माझा हात हा असा, फावड्यासारखा. त्या गाईला तो झेपला नसता.

सुनंदानं बांगड्या काढून माझ्या खिशात टाकल्या. कोपरापर्यंत साबण, मग तेल. गुडघ्यावर बसली. डोलमा गाईचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. सुनंदानं वासराला हळूच मागं सारलं आणि डोळे मिटले. आत तिचा हात काय शोधत होता ते तिच्या कपाळावर दिसत होतं. त्या उंचीवर नुसतं चाललं तरी दम लागतो. तिला घाम फुटला होता, त्या थंडीत.

मी विचारलं, वढू का.

"गप उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "खूर तळहातात घेतल्याबिगर वढलं तर पिशवी फाटंल. ती कळ देईल तवा सांगते."

मी गप उभा राहिलो. दारात गाव दाटीवाटीनं उभं होतं आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मग सुनंदाचा चेहरा सैल झाला. दुसरा खूर बाहेर आला. "आता," ती म्हणाली आणि आम्ही दोघांनी मिळून, गाय कळ देईल तसं, खालच्या अंगाला ओढलं. वासरू सुटलं आणि आम्ही दोघं मागच्या गवतावर.

पण वासरू हलेना. सुनंदानं त्याचं नाक पुसलं, तोंडातला चिकटा काढला, पोत्यानं फराफरा अंग चोळलं. काही नाही. तिनं गवताची काडी घेतली आणि नाकपुडीत फिरवली. डोलमाचं पुटपुटणं थांबलं. मीही श्वास धरला होता, आणि तिथं श्वास धरणं फार परवडत नाही.

वासरू शिंकलं.

एवढीशी शिंक, पण सगळं गाव हसलं. डोलमा तर हसतही होती आणि रडतही होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. उंचीवर तसं होतं म्हणतात. आमच्या गोठ्यात सुनंदाला असं काम करताना मी किती वेळा बघितलंय, पण तिथं कसलं डोंबलाचं बघतोय, मला ऊस घेऊन साखर कारखान्याला जायची घाई असायची. त्या दिवशी त्या दारातल्या माणसांबरोबर उभा राहून मी तिला बघितली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही माझी बायको हाय, लासुर्ण्याची.

पुढं तिची अट तिनंच मोडली. वासराला आधी पोटभर पाजलं, मग डोलमानं भांडं पुढं केलं तशी स्वतः धार काढायला बसली. थोडा चीक डोलमानं बळंच आमच्या पातेल्यात घातला. सुनंदानं घरगाडीत जाऊन घरचा गूळ, वेलदोडा घालून खरवस लावला. गाव आत येऊन, पलंगावर बसून, सिंकला टेकून खरवस खात होतं. माझी गाडी शेवटी लोकांनी आतून बघितली म्हणायची. बघितली कसली, कुणाचं लक्षही नव्हतं, आणि चपला कुणीच काढल्या नव्हत्या. बकरीवाल्याला सुनंदानं ओवा आणि सुंठ दिली. बाकीच्या जनावरांच्या पाठीवरून तिनं हात फिरवला आणि त्यांचे मालक समाधानानं घरी गेले.

दुपारी रफिक चाक घेऊन आला. दारातली गर्दी बघून त्याला वाटलं, आम्हाला काही झालं. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी गाडीच्या त्या बाजूला गेला, निळ्या गाईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "घासू म्हणलं हुतं."

निघायच्या वेळी आजोबा पांढरा रेशमी पट्टा घेऊन आले. त्या भागात मानाच्या पाहुण्याच्या गळ्यात तो घालतात. डोलमानं हिरव्या वाटाण्याची गोणी आणली होती. आजोबांनी तो पट्टा सुनंदाच्या गळ्यात घातला आणि वाकून म्हणाले, "डॉक्टर साहिबा." सुनंदा लाजून लाल झाली. मला इतकं भरून आलं की मीही नकळत मान पुढं केली. पण पट्टा एकच होता.

मी रफिकला म्हटलं, बाबा, तुझी हिंदी बरी आहे, यांना नीट सांग की आम्ही कुणी डॉक्टर नाही, फसवून गेलो असं नको. रफिकनं नीट समजावून सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि हसले. त्यांचं म्हणणं, मोठी माणसं अशीच बोलतात. बाईंचा हात आम्ही डोळ्यांनी बघितला. मग ते रफिकच्या कानाशी लागले, माझ्याकडं बोट करून हळूच काहीतरी विचारलं. रफिकनं गंभीरपणे उत्तर दिलं. आजोबांनी माझ्याकडं मायेनं बघितलं आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

गाडी सुरू झाली. पहिलं वळण गेलं तरी मला राहवेना. विचारलं, काय म्हणत होते रे आजोबा?

"म्हणत हुते, बाई लई हुशार हाय," रफिक म्हणाला. "पण हा कंपाउंडर कामाला जरा मंद दिसतोय. पगारी ठेवलाय का नुसता जेवणावर?"

"मग तू काय सांगितलंस?"

"जेवणावर."

मी सुनंदाकडं बघितलं. ती खिडकीतून डोंगर बघत होती. "आन्‌ तेबी," ती म्हणाली, "दोन टायमाला."